अण्णा काय म्हणाले ते सांग

ताई, नमस्कार.

माझं वय ५३. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. २०१२ मध्ये आमच्या अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. मिरजेच्या एका दवाखान्यात ते नऊ दिवस होते. थोरली बहीण अक्का आणि मी, दोघं तिथं असायचो. दहाव्या दिवशी पहाटे अण्णा गेले. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तिला आणलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समधून गावी येताना माझ्या डोक्यात एकच होतं. आई विचारणार, शेवटी काही बोलले का? काहीच बोलले नव्हते. मग मी वाटेतच ठरवलं आणि घरी पोचल्यावर तिला सांगितलं, की अण्णांनी पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "तुझ्या आईला एकटं पाडू नको." आईनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. अजून घरी पैपाहुणा आला की मला हाक मारते, "अण्णा काय म्हणाले ते सांग रे." मी सांगतो. ती मान हलवते, डोळे पुसते.

गेल्या पितृपंधरवड्यात, म्हाळाच्या दिवशी, अक्कानं मला परड्यात नेलं. म्हणाली, "तू तेव्हा खाली मेडिकलला होतास. अण्णांच्या नाकात नळी होती, वाचा दोन दिवस आधीच गेली होती. मी एकटी होते." तिनं जुन्या बिलांची पिशवी जपून ठेवलेली. इंजेक्शनचं बिल पहाटे ४ वाजून १२ मिनिटांचं, माझ्या सहीचं. दवाखान्याच्या कागदावर मृत्यूची वेळ ४.१५. मी ते सगळं रचलं होतं हे मला माहीत आहे. तरी ताई, मला अण्णांचा तो आवाज ऐकू येतो. चमचा दिसतो. हाताची पकड जाणवते. मेडिकलसमोर उभा होतो, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

दुसरं असं, की डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावून विचारलं होतं, व्हेंटिलेटर लावायचा का. मी नको म्हणालो. ते अक्कापासून लपवायचं ठरवलं. अक्का म्हणते, तिनं मला याबद्दल दोनदा विचारलं, तेराव्याला आणि वर्षश्राद्धाला, आणि दोन्ही वेळा मी कानावर हात ठेवले. मी तसं म्हणालो असणार. पण तिनं विचारल्याचंच मला आठवत नाही.

मला वेड लागतंय का? विसरण्याचा आजार सुरू झालाय का? आणि आईला खरं सांगू का? ती आता ८० वर्षांची आहे.

— एक मुलगा

नमस्कार.

तुमचं पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल अशा खुणा काढून ते थोडक्यात छापलं आहे.

आधी तुमची भीती बाजूला करू. फवारणीच्या तारखा, मजुरांचे हिशोब, औषध दुकानाची उधारी हे सगळं तुमच्या तोंडपाठ असतं, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. विसरण्याच्या आजारात सहसा नेमकं हेच आधी ढासळतं. सकाळी झालेलं बोलणं संध्याकाळी पुसलं जातं, तोच प्रश्न माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, पैशाच्या व्यवहारात घोळ होतो, ओळखीच्या वाटेवर चुकायला होतं. असं काही घरच्यांच्या नजरेला आलं तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण तुमच्या पत्रात त्याची चिन्हं मला दिसत नाहीत. वेड तर नाहीच. तुमचं जे झालं आहे ते चांगल्या, धडधाकट स्मरणशक्तीचं होतं.

त्या ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही जी गोष्ट रचली ती कशाची बनली होती, ते जरा पाहू. चमच्यानं पाणी, हे नळी घालण्याआधीच्या दिवसांत तुम्ही कधीतरी खरंच पाजलं असणार. हाताची पकड खरी आहे, आजारी माणूस हात धरतोच. आवाज तर तुम्ही जन्मभर ऐकलेला. म्हणजे सामान सगळं खरं होतं. खोटं होतं ते एक वाक्य, आणि ती वेळ. तुम्ही बागायतदार आहात, म्हणून तुमच्याच शेतातलं सांगते. डॉगरिज या जातीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम भरतो, आणि चार-दोन छाटण्या झाल्या की वेल एकजीव दिसतो, वरचा कुठला आणि खालचा कुठला हे सहज कळत नाही. तुमच्या खोट्याला खुंट खऱ्याचा मिळाला.

याला दुसरंही एक कारण आहे. एखादी गोष्ट आठवताना काय घडलं ते एका बाजूनं येतं, आणि ते आपल्याला कुठून कळलं, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, कोणी सांगितलं की मनात आणलं, ते वेगळ्या वाटेनं येतं. मार्सिया जॉन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलं. चित्र टिकतं, पण ते आलं कुठून याची खूण लवकर पुसट होते. मग चित्र जितकं भरीव, तितकं ते पाहिलेलंच आहे असं मन धरून चालतं. तुमचं चित्र भरीव होतं, कारण ते तुम्ही तेरा वर्षं सांगत आलात. दर वेळी चमचा थोडा अधिक स्पष्ट झाला असेल.

आणि दर वेळी आईनं मान हलवली. ही मान फार महत्त्वाची आहे. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात मारिया झारागोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चित्रपटाचा एक तुकडा दाखवला आणि नंतर त्यात न घडलेल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारले. माहीत नसलं तरी उत्तर द्यायचंच, असा आग्रह धरला. म्हणजे उत्तर देणाऱ्याला ठाऊक होतं की आपण मनचं सांगतोय. काही उत्तरांवर विचारणारा म्हणाला, "बरोबर, तेच उत्तर आहे." आठवड्यानं विचारलं तेव्हा आपणच रचलेल्या गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याचं अनेकांनी सांगितलं, आणि ज्या उत्तरांवर "बरोबर" मिळालं होतं त्यांच्या बाबतीत हे जास्त झालं. महिना-दोन महिन्यांनीही ती उत्तरं लोकांच्या तोंडून आपणहून येत राहिली. तिथं एकदाच मिळालेल्या होकारानं एवढं झालं. तुम्हाला आईचा होकार तेरा वर्षं मिळतोय, तोही डोळ्यांत पाणी आणून.

सगळ्यांचं असं होतं का? नाही. डॅनिएल पोलाज या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना लहानपणच्या खोट्या घटना खऱ्या म्हणून सांगायला लावल्या, तेव्हा बहुतेकांना ती घटना घडलीच नव्हती याची खात्री उलट वाढली. थोड्यांच्या बाबतीत मात्र उलटं झालं, खोटं आपलंसं वाटू लागलं. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या माणसांत मी पाहते, ते असं: ज्या थापेची लाज वाटते ती थाप म्हणूनच लक्षात राहते. जे खोटं आपल्याला खरं व्हायला हवं होतं, ते मात्र मुरतं. साहेबाला तोंडावर सुनावल्याची गोष्ट घ्या. केबिनमध्ये माणूस "हो सर" म्हणून बाहेर आलेला असतो. जे बोलायचं राहिलं ते त्याला जिन्यात सुचतं, रात्री घरी ते बोललोच म्हणून सांगतो, आणि पाचेक वर्षांनी शपथेवर सांगतो. "आम्ही लग्नात काहीही मागितलं नव्हतं" हे वाक्य असंच. एखाद्या घरातली सासू ते अगदी प्रामाणिकपणे म्हणते, सुनेला मात्र बैठकीतली यादी आठवत असते. सासूबाई आत्ता खोटं बोलत नसतात. त्या खोटं बोलून झाल्याला वीस वर्षं झालेली असतात. तिथं सुनेचा काय कोंडमारा होत असेल, हे मला फार जवळून दिसतं.

तुम्हाला तर अण्णांनी काहीतरी बोलावं असं किती वाटत होतं! आईइतकंच तुमच्यासाठीही ते वाक्य हवं होतं, असं मला पत्र वाचताना जाणवलं.

आता, खोटं आहे हे कळल्यावरही आवाज का जात नाही? तो जाणार नाही, हे मनाशी धरून ठेवा, म्हणजे त्रास कमी होईल. मुलांच्या बुद्धीचा विकास कसा होतो यावर मूलभूत काम केलेले स्विस शास्त्रज्ञ झां पियाजे यांनी स्वतःबद्दल एक हकिगत लिहिली आहे. ते दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या शांझ-एलिझेवर कोणीतरी त्यांना बाबागाडीतून पळवून न्यायचा प्रयत्न केला आणि सांभाळणाऱ्या बाईनं झुंज देऊन वाचवलं. तिच्या चेहऱ्यावरचे ओरखडे, आखूड झगा घातलेला पोलीस, त्याच्या हातातली पांढरी छडी, सगळं त्यांना दिसत असे. ते पंधरा वर्षांचे असताना त्या बाईचं आईवडिलांना पत्र आलं. ती आता धार्मिक कार्यात पडली होती आणि मनावरचं ओझं तिला उतरवायचं होतं. ती घटना तिनं रचली होती, ओरखडेसुद्धा खोटे. बक्षीस मिळालेलं घड्याळ तिनं परत केलं. पियाजेंना सत्य कळलं. चित्र मात्र राहिलं, आणि मोठेपणीही ते त्यांना तसंच दिसत होतं. विश्वास गेला तरी आठवण उरू शकते. ज्युलियाना मॅझोनी या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा आठवणींचा अभ्यास मांडला, तेव्हा त्या वाटतात तितक्या दुर्मीळ नसतात असं दिसलं. तेव्हा आवाज ऐकू आला तर येऊ द्या. तो अण्णांचाच आहे. वाक्य तुमचं आहे. एवढं मनात वेगळं ठेवता आलं तरी पुरे.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं जे झालं, ते याच्या बरोबर उलट आहे. पहिलं खोटं सांगायचं होतं, दुसरं नाकारायचं. सांगायचं खोटं रचावं लागतं, लक्षात ठेवावं लागतं, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं, म्हणून ते पक्कं होतं. नाकारायला एक "नाही" लागतो. विषय मिटतो, आणि त्यानंतर त्याचा उच्चारही होत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठातले हेन्री ओट्गार यांनी नेमकं हेच तपासलं आहे. काही लोकांना पाहिलेल्या गोष्टी मुद्दाम नाकारायला सांगितलं. नंतर असं आढळलं की ते पाहिलेलं फारसं विसरले नव्हते. त्या तपशिलांबद्दल आपल्याशी कोणी बोललं होतं, हेच ते अधिक विसरले होते. तुमचं पत्र वाचताना मला हा अभ्यास लगेच आठवला. डॉक्टरांनी बोलावल्याचं तुम्हाला आठवतं. अक्कांनी विचारल्याचं आठवत नाही. तेव्हा अक्का म्हणतात त्यावर विश्वास ठेवा, आणि तुम्ही आत्ता बनवाबनवी करत नाही यावर अक्कांनीही ठेवावा. हवं तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

मेडिकलसमोरची तुमची तीन मिनिटंही अशीच गेली. ती तुम्ही कोणालाच कधी सांगितली नाहीत. सांगणार तरी कशी, तुमच्या गोष्टीत तुम्ही वर होता.

आणि इथं मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तुमच्या गोष्टीत तुम्ही खोलीत आहात, अण्णा आहेत, चमचा आहे. अक्का नाहीत. खऱ्या पहाटे त्या खोलीत फक्त अक्का होत्या. वडिलांचा श्वास थांबताना त्यांनी एकटीनं पाहिला, कदाचित धावत जाऊन नर्सला त्यांनीच बोलावलं असेल, तुम्ही वर येईपर्यंत त्या एकट्या उभ्या असतील. त्यानंतर तेरा वर्षं प्रत्येक पाहुण्यासमोर त्यांनी ऐकलं ते असं, की त्या तिथं नव्हत्याच. तरीही आईसमोर त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. तुम्हाला परड्यात घेऊन गेल्या. बिलांची पिशवी त्यांनी इतकी वर्षं का जपली असेल? मला वाटतं, आपण तिथं होतो याचा तेवढाच पुरावा त्यांच्यापाशी होता. तुम्ही आईबद्दल विचारलंत, स्वतःबद्दल विचारलंत. अक्कांबद्दल पत्रात एकही प्रश्न नाही. मला सगळ्यात आधी त्यांची काळजी वाटते.

म्हणून माझा सल्ला असा. डोकं ताणून ती पहाट आठवायचा प्रयत्न करू नका. रिकामी जागा भरायची मनाला घाई असते. आज तुम्ही मेडिकलसमोर उभं राहिल्याचं चित्र जोर लावून आठवायला बसलात तर आठवड्यात तेही मिळेल, दुकानाच्या पाटीसकट, आणि तेही रचलेलं असेल. त्याऐवजी अक्कांकडे जा. आई नसताना, हातात भरपूर वेळ घेऊन. त्यांना म्हणा, "त्या पहाटेचं तू मला पहिल्यापासून सांग." आणि मध्ये बोलू नका. "मला तर असं आठवतंय" हे वाक्य त्या दिवशी नकोच. त्या सांगतील ते नंतर वहीत उतरवा, तारीख घालून. पिशवीतली बिलं वेळेप्रमाणे लावून त्याच वहीत चिकटवा.

अक्कांचंही सगळं अक्षरशः बरोबर असेल असं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बार्बरा ट्वर्स्की आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००० मध्ये दाखवलं, की एखाद्याबद्दल तक्रारीचं पत्र लिहायला लावलं की लिहिणाऱ्याला नंतर मूळ हकिगतीतले त्रासाचे तपशील जास्त आठवतात, आणि कौतुकाचं पत्र लिहायला लावलं की चांगले. पत्रात खोटं काही लिहायला सांगितलेलं नव्हतं, फक्त बाजू घ्यायची होती. अक्कांनीही मनातल्या मनात तेरा वर्षं त्यांची बाजू मांडली असेल. एखादा तपशील इकडचा तिकडे झाला असेल. तो खोडायला जाऊ नका. कोण कुठं होतं याचा निवाडा बिलानं केलेला आहे, तेवढा पुरेसा आहे.

त्यांचं बोलून झालं की मग व्हेंटिलेटरचं सांगा. सारवासारव न करता, सरळ: "डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी नको म्हणालो. तुला सांगायची भीती वाटली." अक्का चिडतील. चिडू द्या. त्या निर्णयाबद्दल एवढंच म्हणेन, की असा प्रश्न दवाखान्यांत रोज कोणा ना कोणा मुलाला, मुलीला विचारला जातो. तुम्ही उत्तर दिलंत ते अण्णांचे हाल पाहून दिलंत. त्यात तुमचा गुन्हा मला दिसत नाही. एकट्यानं ठरवलंत आणि नंतर लपवलंत, याचं वाईट अक्कांना वाटू शकतं आणि तो त्यांचा हक्क आहे. या बोलण्यानंतर झोप उडाली, छातीत धडधडू लागलं, कामात मन लागेना, तर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर फोन लावा, मराठीत बोलता येतं.

राहिली आई. तुमच्या आईला तुम्ही होऊन जाऊन "मी ते खोटं बोललो होतो" असं आज सांगावं, असं मला वाटत नाही. त्या वाक्यावर त्यांनी वैधव्याची तेरा वर्षं काढली आहेत. तुमच्या मनावरचा भार हलका व्हावा म्हणून तो ८० वर्षांच्या बाईच्या डोक्यावर ठेवू नये. पण आजपासून ती गोष्ट तुम्ही सांगायची नाही. "अण्णा काय म्हणाले ते सांग" अशी हाक आली की अण्णांचं काहीतरी खरं सांगा. आजारपणाच्या पहिल्या दिवसांत, वाचा शाबूत असताना, ते आईबद्दल काय विचारायचे? गुडघ्याचं विचारलं असेल, जेवली का म्हणून विचारलं असेल. ते तुम्हाला आणि अक्कांना, दोघांना आठवत असेल तेवढंच सांगा, आणि "अक्का शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती" हे त्यात दर वेळी येऊ द्या. हे खरं आहे आणि आईलाही ते कळायला हवं.

पण आईनं कधी तुमच्याकडे रोखून पाहून विचारलं, "खरंच म्हणाले होते का रे?" तर पुन्हा खोटं बोलू नका. तेव्हा त्यांना खरंच हवं आहे, असं समजा. त्या दिवशी काय आणि किती सांगायचं, हे तुम्ही आणि अक्कांनी आधी बसून ठरवून ठेवा. हा प्रश्न त्या तुमच्याआधी अक्कांनाही विचारतील, कदाचित विचारलाही असेल. त्यांनी काय उत्तर दिलं होतं, ते भेटाल तेव्हा विचारा.